बेंजोशिवायचा ठेका

माझ्या मेव्हण्याचं लग्न ठरलं तेव्हा सासुरवाडीत सगळं मला विचारून झालं. मांडव कुणाचा, आचारी कुठला, जेवणात बुंदी की जिलेबी, सगळं. मी थोरला जावई. किन्हवलीच्या त्या घरात आपल्या शब्दाला वजन आहे अशा समजात मी होतो. फक्त नवरदेवाच्या घोडीचं कुणी विचारलं नाही, आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. घोडी माझ्याच दारात बांधलेली होती. पांढरी, शांत, आसपासच्या गावांतले पन्नासेक नवरदेव पाठीवरून उतरवलेली. विचारायचं काय त्यात?

लग्नाला आठ दिवस असताना सासऱ्यांचा फोन आला. आधी पाऊसपाण्याचं बोलले, मग म्हणाले, "पोराची हौस हाय. नाचणारी घोडी पायजे बोलतो. तर आमी धाकट्या जावयाला सांगितलंय. तुमी वाईट वाटून घेऊ नका."

"छे छे, वाईट कसलं," मी म्हणालो, आणि त्यानंतर तीन दिवस बायकोशी धड बोललो नाही. तिचा यात काय दोष, असं कुणी विचारील. दोष एवढाच की धाकटा जावई हा तिच्या बहिणीचा नवरा होता.

साडू हे नातंच असं विचित्र आहे. रक्ताचं नाही, दोस्तीचं नाही, आणि तरी दर सणाला दोघांना एकाच ओळीत पाटावर बसवतात आणि सगळे बघतात. माझा साडू आटगावच्या बाजूला राहतो. एका घोड्यांच्या फार्मवर तो दहा वर्षं मोतद्दार होता, घोड्यांची निगा राखायचा. तिथं घोड्यांना नाल मारायला शिकला, आणि आता शहापूर-मुरबाडच्या फार्महाऊसवाल्यांचे घोडे त्याच्याशिवाय कुणाला पाय देत नाहीत, असं म्हणतात. स्वतःची एक घोडी पाळली आहे, काठेवाडी, कानांची टोकं एकमेकांना टेकणारी. ती हलगीवर नाचते, पुढचे दोन्ही पाय उचलून सलामी देते. साडू बोलतो कमी. कमी बोलणारी माणसं मला कधीच आवडली नाहीत. त्यांच्या गप्प बसण्याचं कौतुक होतं आणि आपण बोललो की आगाऊ ठरतो.

मी हायस्कुलात क्लार्क. घोडी हा माझा हौसेचा जोडधंदा. घोड्याचं शिक्षण मला कुणी दिलेलं नाही. माझ्या घरी पिढ्यानपिढ्या बैल होते, तेव्हा जनावराचं मला कुणी शिकवू नये अशी माझी मिजास होती. पुढे जे झालं ते त्या मिजाशीतूनच झालं.

मेव्हण्याच्या लग्नात साडूची घोडी मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत नाचत गेली. मी हातात नारळ धरून कडेला उभा होतो. सासरे माझ्या शेजारी येऊन म्हणाले, "तुमची पण चांगलीच हाय हो." त्या 'पण'नं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याच वर्षी दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, साडू सहकुटुंब आमच्याकडे आला. चहा पिऊन झाल्यावर तो आपणहून घोडीजवळ गेला. तिच्या खांद्यावर हात ठेवला, मग खाली बसून तिचे पुढचे पाय नुसते बघत राहिला. मला ते मुळीच आवडलं नाही. दुसऱ्याच्या घरी जाऊन कुणी भांडी उघडून बघत नाही.

"नाल कवा मारली?" त्यानं विचारलं.

"झाले असतील तीन महिने. अजून नवी आहे. झिजलीसुद्धा नाही."

"नाल नका बघू, साडू. खूर बघा. लोखंड काय वाढत नाय, खूर वाढतो." मग उठता उठता म्हणाला, "दर दीड महिन्यानं काढून, तासून परत मारायची. मी येत जाईन. नायतर घेऊन या."

आता यात चिडण्यासारखं काही नव्हतं. पण मी बैलवाल्याच्या घरातला. बैलाच्या खुराला पत्री मारतात, ती झिजेपर्यंत चालवतात, झिजली की नवी मारतात. लोखंडाकडे बघायचं, खुराकडे नाही, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. घोडीला नाल मारणारा माझा माणूसही मूळचा मुरबाडच्या बाजारातला पत्र्या मारणारा, आणि हात चांगला असलेला. बोलावलं की यायचा. बोलवायचं मीच लांबवत होतो. आणि खरं सांगायचं तर साडूनं हेच पुस्तकातून वाचून दाखवलं असतं तरी मी ऐकलं नसतं, कारण सांगणारा तो होता.

"बघू," मी म्हणालो. त्याच्या लक्षात आलं. त्यानं पुन्हा विषय काढला नाही.

तुळशीचं लग्न झालं, माणसांची लग्नं सुरू झाली. त्या हंगामात मला सारख्या सुपाऱ्या येत नव्हत्या, कारण हल्ली नवरदेवाला बुलेट चालते, फुलं लावलेली जीप चालते, आणि घोडीच हवी असेल तर ती नाचणारी हवी. जी आली ती लग्नं मी केली. गावोगावी आता सिमेंटचे रस्ते झालेत. मिरवणूक त्यावरूनच. घोडी त्या कडक रस्त्यावर खट खट चालायची, आणि मी लगाम धरून पुढे.

माघात सरळगावजवळच्या एका गावात मिरवणूक होती. बेंजो जोरात होता. अर्ध्या वाटेवर एक म्हातारबुवा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "घोडी ठेका धरते रे तुझी."

मी मागे वळून बघितलं. आणि खरंच. घोडी मान डोलावत होती. एक पाऊल पडलं की मान वर, दुसरं पडलं की मान खाली. वर, खाली. मध्येच उजवा पाय जरा अलगद ठेवायची, लाजल्यासारखा. बेंजोवाल्यांनी ते पाहिलं आणि तिच्या पावलाला पाऊल मिळवून वाजवायला लागले. बाया हसायला लागल्या. नवरदेवाच्या मामानं घोडीवरून कुरमुऱ्यांची ओंजळ ओवाळून टाकली. कुणी मोबाईल वर धरले. माझ्या घोडीसाठी मोबाईल वर धरलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

मला इतका आनंद झाला की घरी जाऊन मी तिला अर्धा किलो गूळ खाऊ घातला. न शिकवता शिकली, मी बायकोला सांगितलं. साडूची घोडी चाबूक दाखवून शिकवलेली, माझी अंगच्या गुणानं. बायको म्हणाली, "त्यांनी कवा चाबूक दाखवला?" मी म्हणालो, "तुला काय माहीत."

पंधरा दिवसांनी त्या मिरवणुकीचा व्हिडिओ हाती लागला, तो मी सासुरवाडीच्या ग्रुपवर टाकला. मेव्हण्यानं लगेच टाळ्या पाठवल्या. सासऱ्यांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं. ते प्रत्येक गोष्टीला तेच पाठवतात, पण मी ते कौतुकच धरलं. साडूनं व्हिडिओ बघितल्याची खूण दिसत होती. उत्तर मात्र नव्हतं. रात्री जेवायला बसेपर्यंत मी चार वेळा बघितलं. उत्तर नाही. मिरच्या झोंबल्या, मी म्हणालो, आणि त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. फक्त एक प्रश्न. "किती दिस झाले नाचायला लागून?"

"झाले असतील पंधरा," मी ऐटीत सांगितलं. "का हो?"

"काय नाय," तो म्हणाला. "सहज."

त्यानंतर आठवड्यानं एका सकाळी मी घोडीला पाणी पाजायला नेत होतो. आमची विहीर घरापासून पन्नास पावलांवर. गावात शांतता होती. कुठे लग्न नाही, बेंजो नाही, साधा रेडिओसुद्धा नाही. आणि घोडी मान डोलावत होती. वर, खाली. वर, खाली. विहिरीशी उभी राहिली तेव्हा उजवा पाय तिनं पुढे टाकून ठेवला, नुसता टेकवलेला, भार न दिलेला.

मी तिथं किती वेळ उभा होतो ते आठवत नाही. जे आठवतं ते सांगायला आजही जीभ अडखळते. मी खिशातून मोबाईल काढला आणि बेंजो लावला.

परत येताना मोबाईल वाजत होता आणि घोडी मान हलवत होती. आता ते बरोबर दिसत होतं. आता ते नाचणं होतं. ओसरीवरून बायकोनं विचारलं, "सकाळी सकाळी काय लावलंय?" मी म्हणालो, "सराव."

त्यानंतर रोज पाण्याला नेताना मी तेच गाणं लावायचो, आणि तशातच तिला घेऊन मी आणखी दोन लग्नं केली.

दुसऱ्या लग्नात ती मांडवापासून दोनशे पावलांवर थांबली. चैत्रातलं ऊन, रस्ता तापलेला. बेंजो वाजतोय, पोरं नाचताहेत, आणि घोडी थांबली. मी लगाम ओढला. तिनं उजवा पाय उचलला आणि तो खाली ठेवेना. अंग थरथरत होतं, कानाच्या मागून घामाच्या धारा. लोकांना वाटलं ही नवी कसरत. कुणीतरी शिट्टी मारली. मग तिनं मान खाली घातली आणि माझ्याकडे बघितलं. घोडा माणसाकडे बघतो त्यात काही विशेष नसतं, पण त्या दिवशी मला ती नजर सहन झाली नाही. मी नवरदेवाला म्हणालो, "उतरा." तो चिडला, त्याचा बाप चिडला, करवल्या हसल्या. नवरदेव मुंडावळ्या सावरत मांडवापर्यंत चालत गेला आणि मी घोडीला एका आंब्याखाली तीन पायांवर उभी करून टेम्पोची वाट बघत बसलो.

मुरबाडहून जनावरांचे डॉक्टर आले. पाय वरपासून खालपर्यंत चाचपून म्हणाले, दुखणं खुरात आहे. इंजेक्शन दिलं, पण हेही सांगितलं की इंजेक्शन नुसतं दुखणं झाकतं. खुराचा तोल बिघडलाय. तो दुरुस्त नाही झाला तर आतलं हाड कायमचं जाईल, मग ही घोडी बसून राहील, आणि बसलेली घोडी फार दिवस जगत नाही. "औषधापेक्षा हिला चांगला नालबंद हवा," ते म्हणाले. "तुमच्याच भागात एक आहे, आटगावकडे. मी नंबर देतो."

"राहू द्या," मी म्हणालो. "आहे माझ्याकडे."

नंबर होता, आणि दोन दिवस मी तो लावला नाही. घोडी गोठ्यात तीन पायांवर उभी होती आणि मी डोकं खाजवत होतो की नाशिकला कुणी मिळेल का, कल्याणला कुणी असेल का. इथंच माझं घोडं पेंड खात होतं. सगळ्या जगात एक माणूस मला नको होता, आणि नेमकं तेच काम त्याला येत होतं. तिसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर अंगणात साडूची मोटरसायकल उभी.

बायको दारातच होती. "तुमी नाय बोलणार. मंग मीच बोल्ले," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

साडूनं मला नमस्कार केला. 'मी सांगितलं होतं' असं एका अक्षरानंही म्हणाला नाही. म्हणाला असता तर मला भांडता आलं असतं.

त्यानं घोडीला आधी सिमेंटच्या रस्त्यावर चालवायला लावलं, मग शेतातल्या भुसभुशीत मातीत. डोळे मिटून तिच्या पावलांचा आवाज ऐकला. रस्त्यावर मान जोरात हलत होती, मातीत कमी. "चांगला पाय पडला की मान खाली येते," तो म्हणाला. "दुखरा पडला की वर. वजन उचलून धरते बिचारी." इतकंच. माझ्याकडे बघितलंही नाही. पन्नास मोबाईलवाले, बेंजोवाले, कुरमुरे ओवाळणारा मामा, सगळे माझ्या डोळ्यांपुढून गेले. तिच्या कळवळण्यावर आम्ही वाजवलं होतं.

मग त्यानं मांड्या झाकणारा चामड्याचा पुढा कमरेला बांधला, घोडीकडे पाठ केली आणि तिच्या पायावरून वरून खाली हात फिरवला. हात गुडघ्याखाली पोचायच्या आधीच घोडीनं पाय उचलून त्याच्या मांड्यांमध्ये दिला. हे बघून मला काय झालं ते लिहितो, कारण न लिहिणं खोटं ठरेल. त्या दुखऱ्या जनावराबद्दल कणव वाटायच्या जागी मला राग आला. माझ्याकडून पाय उचलवून घ्यायला मला खांद्यानं ढकलावं लागायचं, दोनदा ओरडावं लागायचं. याला मागायचीसुद्धा गरज पडली नाही.

त्यानं खिळ्यांची वळवलेली टोकं सरळ केली, पकडीनं नाल सैल करत करत उपसली. मग मोठ्या चिमट्यानं खूर ठिकठिकाणी दाबला. मागच्या बाजूला, टाचेपाशी दाबलं तेव्हा घोडीनं पाय हिसडला. "हितं," तो म्हणाला. मला जवळ बोलावून दाखवलं. पुढचं टोक चोचीसारखं लांब वाढलेलं. टाचा पुढे सरकून अंगठ्याखाली दाबलेल्या पुऱ्यांसारख्या चपट्या झालेल्या. नाल मारली त्या दिवशी ती टाचेखाली होती, खूर वाढला तशी तीही पुढे सरकत गेली, आणि मागे आधाराला काही उरलं नाही. खुरावर आडव्या रेघा होत्या. त्यावर बोट ठेवून तो महिने वाचत गेला. "हे पावसाळ्यातलं. ही दिवाळी. हितनं बिघडलं." दिवाळीच्या रेघेवर बोट जरा जास्त वेळ थांबलं, असं मला वाटलं. कदाचित थांबलं नसेलही.

खूर तासायची वाकडी सुरी त्यानं चालवायला घेतली. नखाची साल पडावी तशा पांढऱ्या कपच्या पडायला लागल्या आणि माझा कुत्रा त्या पळवायला लागला. टोक मागे आणलं, कानशीनं घासलं, उठून लांबून बघितलं, पुन्हा बसून घासलं. घाई नाही. नाल त्यानं घरच्या भट्टीत घडवून आणली होती, माझ्या बायकोनं फोनवर सांगितलेल्या मापावर. नेहमीची नाल मागे उघडी असते. ही मागूनही बंद होती, अंड्याच्या आकाराची, टाचेच्याही मागे बोटभर गेलेली. "टाचेला बसायला पाट दिलाय," तो म्हणाला. पुढचं टोक वर वळवलेलं, म्हणजे पाय उचलताना ओढ बसू नये. नाल आणि खुराच्या मध्ये चामड्याचा तुकडा. खिळे सहाच, सगळे पुढच्या अर्ध्यात, म्हणजे मागे खूर मोकळा वाढेल.

तो ठोकत असताना घोडीनं तिचं डोकं त्याच्या पाठीवर टेकवलं. ओठ सैल सोडले. जांभई दिली. मी तिच्या मोरकीची दोरी धरून उभा होतो, उगाचच. कुणीही धरली नसती तरी ती हलली नसती.

पाय खाली ठेवला तेव्हा तिनं आधी नुसता टेकवला. मग जरा भार दिला. मग सगळा. अंगभर एक लाट गेल्यासारखी ती सैलावली.

"लगेच नाय व्हायचं," साडू म्हणाला. "खूर वरनं खाली यायला वरीस लागतं. तवर दर पाच आठवड्यांनी मी येणार. हिला कोरडी ठेवा. खाली वाळू टाका, वर भाताचा तूस. चालवायची फक्त मातीत, सांगीन तेवढी. लग्नं बंद."

"पुढच्या हंगामाला?"

"बघू," तो म्हणाला. माझाच शब्द, पण त्याच्या तोंडून तो नुसता खरा होता.

ते वर्ष मी कसं काढलं ते माझं मला माहीत. घोडीचं सगळं मी केलं. वाळू आणली, तूस पसरला, पावसाळ्यात गोठ्याच्या तोंडाशी चर खणला, सकाळ-संध्याकाळ खूर साफ केला, खुराच्या तळाचा तो मऊ त्रिकोण सडू नये म्हणून रोज पुसला. पाच आठवडे मी, आणि एक दिवस तो. आणि घोडी कुणासाठी खिंकाळायची? साडूची मोटरसायकल फाट्यावर वळली की तिचे कान उभे राहायचे आणि ती असं खिंकाळायची की शेजारची म्हातारी माझ्या बायकोला म्हणायची, "आला गो तुझ्या बहिणीचा घरवाला." माझ्या स्कूटरसाठी ती कधी खिंकाळली नाही. एकदा मी मुद्दाम फाट्यावरून हॉर्न वाजवत आलो. तिनं तूस खायचा प्रयत्न चालू ठेवला.

बायकोला हसू यायचं. "जनावरावर पण जळता काय," ती म्हणाली. मी म्हणालो, जळत नाही, निरीक्षण करतो.

पण निरीक्षणात हेही दिसत होतं की रेघा खाली सरकताहेत. वरून नवा खूर येत होता, गुळगुळीत, सरळ. पावसाळा सरेपर्यंत टाचा उभ्या राहायला लागल्या. मातीत तिची मान हलेनाशी झाली. साडूनं दर वेळी नाल जराशी बदलली, मागचं वाढीव टोक थोडं थोडं कमी केलं. ते बारीक काम बघत मी तासन् तास बसायचो, आणि मनात म्हणायचो की याच्यात एक तरी खोट सापडू दे. सापडली नाही. त्याला चहात साखर जास्त लागते, एवढंच.

पुन्हा तुळशीची लग्नं झाली. पुढे एका दुपारी त्यानं चामड्याचा तुकडा काढला आणि साधी, मागे उघडी नाल मारली. कानस पुसत म्हणाला, "आता रस्त्यावर बघू. आणि साडू, जरा बेंजो लावा मोबाईलवर. वरीसभर ऐकला नाय तिनं. बुजते का बघायला पायजे."

मी मोबाईल काढला. अंगठा आपसूक तिथंच गेला. गाणं क्षणात सुरू झालं.

"लवकर सापडलं," साडू म्हणाला.

त्याला त्यात काही म्हणायचं नव्हतं, मला खात्री आहे. पण माझ्या छातीत वर्षभर जे अडकून बसलं होतं ते त्या दोन शब्दांनी सुटलं. मी गाणं बंद केलं. "हे आधी पण लावलंय," मी म्हणालो. "विहिरीवर नेताना. गावात काही वाजत नव्हतं आणि ती मान हलवत होती. मी बघितलं. आणि हे लावलं."

त्यानं विचारलं, "त्याच्यानंतर किती लगनं केलीत?"

"दोन."

तो कानस पिशवीत ठेवायला लागला. मग खाली बघूनच म्हणाला, "मला व्हिडिओत कळलं होतं. फोन केला तो त्याच्यासाठीच. पण तुमी एवढे खूश होतात. बोल्लो असतो तर तुमाला वाटलं असतं, जळतोय." पिशवीचा बंद त्यानं दोनदा बांधला. "तरी बोलायला पायजे होतं. जनावराचा काय दोष?"

तो जळतोय असं वाटलंच असतं मला. तो बोलला असता तर मी त्या रागानं दोनाच्या जागी चार लग्नं केली असती. एवढी माझी ओळख त्याला होती, आणि तिची शिक्षा घोडीनं भोगली होती.

"लावा," तो म्हणाला.

मी गाणं पुन्हा लावलं, आवाज मोठा केला. साडूनं मोरकी माझ्या हातात दिली. स्वतः बाजूला झाला आणि डोळे मिटून उभा राहिला. मी तिला सिमेंटच्या रस्त्यावर घेतलं. खट, खट, खट, खट. चारही पावलं सारखी, चारही आवाज एका मापाचे. बेंजो कानाशी वाजत होता आणि तिची मान सरळ होती. जराही वर नाही, जराही खाली नाही. फाट्यापर्यंत गेलो, वळलो, परत आलो. एकदाही हलली नाही.

साडूनं डोळे उघडले आणि हसला. ओसरीवर बायकोनं पदर डोळ्यांना लावला. मलाही रडू आलं, आणि दोघांना वाटलं ते आनंदाचं आहे. बरंचसं होतंही. पण परत येताना, त्या शेवटच्या पन्नास पावलांत, मी एकदा मागे वळून बघितलं होतं. एकदाच, चोरून. ती थोडी तरी मान डोलावते का म्हणून.